पहिला घरगुती सर्व्हर: हार्ड डिस्क कोणत्या घ्याव्यात आणि रेड कोणती लावावी?

खामलेकर (धागाकर्ता)

नमस्कार. घरी एक छोटा सर्व्हर उभा करायचा आहे आणि खरेदीपूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. एका कार्यालयाने काढून टाकलेला डेस्कटॉप मिळाला आहे: सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, मदरबोर्डवर डिस्क जोडायचे चार साटा पोर्ट आणि कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची डिस्कसाठी तीन जागा. पत्नी वास्तुविशारद असून तिचे काम घरूनच चालते. तिच्या ड्रॉइंगच्या फायली, साइटवरची छायाचित्रे आणि घरच्या फोटो-व्हिडिओंचा पसारा मिळून आज अडीच टीबी भरतो, आणि दरवर्षी त्यात सुमारे अर्ध्या टीबीची भर पडते.

नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात विचारले तेव्हा सांगण्यात आले की ४ टीबीच्या तीन बाराकुडा (सीगेटच्या डेस्कटॉप डिस्क) घ्या आणि बायॉसमधूनच (मदरबोर्डच्या मूळ मांडणीतून) रेड ५ लावा, म्हणजे तिन्ही डिस्क एकत्र जोडा. ८ टीबी जागा मिळेल, एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहील, मग वेगळ्या बॅकअपचा खर्च करायची गरज नाही. हिशेब ऐकायला बरा वाटला, पण शेवटचे वाक्य खटकले म्हणून हा धागा काढला. सर्व्हर जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवण्याचा विचार आहे. आपला उन्हाळा सर्वांना ठाऊकच आहे, त्यामुळे त्या दृष्टीनेही काही सुचवता आले तर उपकार होतील.

महालवासी

शेवटचे वाक्य खटकले हे उत्तम झाले, कारण बाकीचा सल्ला दुरुस्त करता येतो, पण त्या एका वाक्यावर विसंबून राहिले तर पुढे दुरुस्त करण्यासारखे काही उरत नाही. रेडची कल्पना १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी मांडली, ती महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापरण्यासाठी. डिस्क वाढल्या की त्यांपैकी एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते, म्हणून एक बंद पडली तरी काम न थांबण्याची व्यवस्था त्यात करावी लागली. रेड आपल्याला देते ते एवढेच: डिस्क गेली तरी काम सुरू राहते. चुकून पुसलेले फोल्डर, खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेल्या फायली, चोरी, किंवा मृगाच्या आधीच्या वादळात पडलेली वीज यांपैकी कशालाही ती अडवत नाही. मिररवर, म्हणजे दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणाऱ्या रेडवर, एक फाइल पुसली की ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते.

म्हणून माझे सांगणे सरळ आहे. हाताशी तीन डिस्कचे पैसे असतील तर दोन डिस्कचा मिरर लावा आणि तिसरी डिस्क बॅकअपसाठी सर्व्हरच्या बाहेर ठेवा. तिन्ही डिस्क एकाच रेडमध्ये गुंतवू नका.

हिंगणा_एमआयडीसी

महालवासी यांच्याशी सहमत आहे, पण त्याआधी डिस्कच्या जातीविषयी बोलायला हवे, कारण सुचवलेली डिस्कच मुळात या कामाची नाही. ४ टीबीची सध्याची बाराकुडा एसएमआर पद्धतीची आहे. साध्या, म्हणजे सीएमआर डिस्कमध्ये प्रत्येक ट्रॅक शेजारच्या ट्रॅकपासून अलग असतो. एसएमआरमध्ये मात्र कौलांसारखा एक ट्रॅक दुसऱ्यावर थोडा चढवलेला असतो, आणि त्यामुळे तेवढ्याच तबकडीवर अधिक माहिती मावते. वाचताना अडचण येत नाही, पण मधला एखादा ट्रॅक नव्याने लिहायचा झाला तर त्याच्यावर चढलेले पुढचे सगळे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात. हे लपवण्यासाठी डिस्क आधी एका राखीव सीएमआर पट्ट्यात लिहून घेते आणि रिकाम्या वेळी माहिती मूळ जागी नेऊन ठेवते. घरच्या संगणकात रिकामा वेळ भरपूर असतो, त्यामुळे काही जाणवत नाही. रेडमध्ये मात्र खराब डिस्क बदलून नवी बसवली की तिच्यावर तासन्‌तास अखंड लेखन चालते. राखीव पट्टा भरतो, वेग कोसळतो, आणि डिस्क वेळेत उत्तर देत नाही म्हणून रेड तिलाही नादुरुस्त ठरवून बाहेर काढते. गरज असते नेमकी तेव्हाच ही डिस्क दगा देते.

डिस्कच्या नावावर जाऊ नये याचा धडा २०२० च्या एप्रिलमध्ये मिळाला. वेस्टर्न डिजिटलच्या नासकरिता (नेटवर्कवरून फायली पुरवणाऱ्या साठवण-यंत्राकरिता) विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ मालिकेतील (हे रेड म्हणजे इंग्रजीतला लाल रंग, डिस्क एकत्र जोडण्याची रेड नव्हे) २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे तेव्हा उघड झाले, आणि नंतर कंपनीने मालिकेची विभागणी करून सीएमआर डिस्कना रेड प्लस हे नाव दिले. आज रेड प्लस, सीगेटची आयर्नवुल्फ आणि तोशिबाची एन३०० या तिन्ही सीएमआर आहेत. दुकानात केवळ नाव न सांगता पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून न्यावा आणि तोच बिलावर असावा असा आग्रह धरावा.

नासच्या डिस्कचा आणखी एक गुण जाहिरातीत फारसा दिसत नाही. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा लहानसा भाग, वाचता येईनासा झाला की डेस्कटॉपची डिस्क तो वाचण्याचा प्रयत्न मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक वेळ करत बसते, कारण तिच्या दृष्टीने ती एकटीच असते. लिनक्स (सर्व्हरवरची मुक्त संचालन प्रणाली) मूळ मांडणीत ३० सेकंद वाट पाहतो आणि मग ती डिस्क रीसेट करू लागतो. नासची डिस्क साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडून ‘हा सेक्टर जमत नाही’ असे कळवते, आणि रेड तो दुसऱ्या डिस्कवरून भरून काढते.

अंबाझरी

वरील दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, परंतु रेड ५ ला एवढ्या झटपट निकालात काढणे मला पटत नाही. तीन डिस्कमध्ये दोन डिस्कची जागा मिळते, चार घेतल्या तर तीनची. मिररमध्ये कायम निम्मीच. ‘मोठ्या डिस्कवर रेड ५ ची पुनर्बांधणी हमखास फसते’ असे जे वारंवार लिहिले जाते त्याचा आधार डिस्कच्या माहितीपत्रकातला एक आकडा आहे: १० चा १४ वा घात इतके बिट वाचल्यावर एक न वाचता येणारी चूक, म्हणजे सुमारे १२.५ टीबीमागे एक. पण तो आकडा कमाल मर्यादा म्हणून छापलेला असतो. प्रत्यक्षात तो तसा लागू पडत असता तर ८ टीबीची डिस्क दोनदा पूर्ण वाचताना आपल्यापैकी बहुतेकांना चूक दिसली असती, आणि तसे दिसत नाही.

महालवासी

आपले म्हणणे मान्य, तो आकडा भीती घालण्यासाठी फार वापरला जातो. माझा आक्षेप वेगळा आहे.

रेड ५ मध्ये पॅरिटी, म्हणजे गेलेल्या डिस्कची माहिती पुन्हा काढण्यासाठी लिहिलेली जादा माहिती, कशी बसते ते पाहू. पहिल्या डिस्कवर १ आणि दुसरीवर ० असेल तर तिसरीवर दोघांची विषम-सम बेरीज, म्हणजे १ लिहिला जातो. कोणतीही एक डिस्क गेली तर उरलेल्या दोघींवरून तिचा बिट काढता येतो. आता कल्पना करा की पहिल्या डिस्कवरचा १ बदलून ० झाला आणि पॅरिटी बदलण्याच्या आत वीज गेली. तिन्ही डिस्क ठणठणीत आहेत, पण त्यांचे एकमेकींशी जुळत नाही. पुढे दुसरी डिस्क गेली, तर ज्या फायलीला आपण हातही लावला नव्हता तिच्या जागी चुकीचा बिट तयार होतो. यालाच राइट होल म्हणतात. लिनक्सच्या स्वतःच्या एमडी रेडमध्ये त्यावर जर्नलचा (आधी नोंद करून मग लिहिण्याचा) उपाय आहे, रेडची सोय असलेली झेडएफएस ही फाइल प्रणाली आपल्या रचनेमुळेच ते टाळते, बीटीआरएफएस या तशाच दुसऱ्या फाइल प्रणालीच्या रेड ५ बद्दल मात्र तिच्या कागदपत्रांतच सावधगिरीची सूचना आहे. मिररमध्ये एवढे समजून घेण्याची गरजच पडत नाही. शिवाय मिररमधली कोणतीही एक डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स यंत्राला जोडली की सगळी माहिती समोर असते, आणि पहिलाच सर्व्हर बांधणाऱ्या माणसाला संकटाच्या रात्री हे फार मोलाचे ठरते.

जागेचा प्रश्न येथे लागूच होत नाही. अडीच टीबी माहिती, वर्षाला अर्धा टीबी वाढ: ८ टीबीच्या दोन डिस्कचा मिरर त्यांना दहा वर्षे पुरेल, आणि तोवर डिस्क वयानेच बदलाव्या लागतील. ८ टीबीची डिस्क संगणकात ७.२८ दिसेल, त्याने घाबरू नये. कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि संगणक द्विमान पद्धतीने. रेड ५ आणि दोन पॅरिटीच्या रेड ६ चा विचार चार-सहा डिस्कच्या पुढे सुरू होतो, आणि तेव्हाही मी दोन पॅरिटीवालीच निवडेन.

अंबाझरी

दोन डिस्कच्या प्रश्नाला मिरर हेच उत्तर, हे मला मान्य आहे. आणखी एक गोष्ट सुचवतो. काम थांबण्याची काळजी नसेल तर रेड नसली तरी चालते: एका डिस्कवर माहिती आणि रात्री तिची दुसऱ्या डिस्कवर आवृत्तीसह प्रत. येथे पत्नीचे काम रोज त्या फायलींवर चालते, म्हणून मिररचा खर्च सार्थ आहे. केवळ घरच्या फोटोंसाठी सर्व्हर असता तर मी मिरर न लावता दुसरी बॅकअप डिस्क घ्या म्हटले असते.

खामलेकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. तिसरी डिस्क बाहेर ठेवण्याचा हिशेब पूर्णपणे पटला. दोन प्रश्न उरतात. बायॉसमधली रेड वापरायची नाही असे गृहीत धरतो, पण मग एमडी की झेडएफएस? झेडएफएसला एका टीबीमागे एक जीबी रॅम लागते आणि ईसीसी (स्वतःच्या चुका सुधारणाऱ्या) रॅमशिवाय ती धोकादायक आहे असे वाचले. आणि जिन्याखालच्या कोनाड्याचे काय? शेजारच्याच खिडकीत आमचा कूलर बसतो, त्यामुळे ती जागा घरातली सगळ्यात थंड असते.

लक्ष्मीनगर

कोनाड्याविषयी मी लिहितो, कारण नागपुरात सर्व्हर ठेवणाऱ्याने विचार करावा अशी ती गोष्ट आहे आणि बाहेरच्या लेखनात ती सापडत नाही.

उष्णतेची भीती आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तापमान आणि बिघाड यांचा संबंध समजुतीपेक्षा बराच क्षीण आढळला. परिणाम दिसला तो मुख्यतः तीन वर्षांपुढच्या आणि फार तापलेल्या डिस्कमध्ये. निर्माते स्वतः ६० ते ७० अंशांची मर्यादा देतात. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना घरात ३५-३६ अंश असतील आणि डिस्कवरून हवा खेळती असेल तर डिस्क पन्नाशीच्या आत राहते. समोरच्या जाळीमागे १२० मिलिमीटरचा एक पंखा थेट डिस्ककडे तोंड करून लावावा आणि दोन डिस्कच्या मध्ये एक जागा रिकामी सोडावी. ५४०० फेऱ्यांची डिस्क ७२०० फेऱ्यांच्या डिस्कपेक्षा कमी तापते आणि घरच्या नेटवर्कच्या एक गिगाबिटला ती पुरून उरते, त्यामुळे वेगासाठी अधिक पैसे मोजू नयेत.

कूलर हा मात्र खरा धोका आहे. मायक्रोसॉफ्ट आणि रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये बाहेरच्या हवेवर थंड होणाऱ्या डेटा सेंटरमधल्या डिस्कचे बिघाड तपासले, तेव्हा तापमानापेक्षा सापेक्ष आर्द्रतेचा परिणाम ठळक निघाला, आणि त्यात डिस्कचा कंट्रोलर व जोडण्या यांचे बिघाड विशेष होते. आपला कूलर ओल्या गवतातून हवा ओढून तीच खोलीत सोडतो. एप्रिलच्या शेवटी एखाद्या कूलरसमोरच्या संगणकाचे झाकण उघडून पाहा: पंख्याच्या पात्यांवर कोरडी धूळ नसते, राखाडी चिकट थर असतो, आणि स्क्रूच्या डोक्यांवर तांबूस ठिपके उमटलेले असतात. तोच थर डिस्कच्या उघड्या सर्किट बोर्डवरही बसतो. कूलरच्या झोतातली थंड जागा सोडून आतल्या खोलीतली कोरडी, थोडी गरम जागा निवडावी असे मी सुचवेन.

विजेसाठी घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवू नये. तो चौकोनी तरंगाचा असेल तर काही नव्या पॉवर सप्लायना तो मानवत नाही, आणि साध्या मोडमध्ये असेल तर वीज जाऊन बॅटरीवर बदल होताना यंत्र बंद पडू शकते. यूएसबी केबलची सोय असलेला छोटा यूपीएस घ्यावा आणि ‘नट’ ही मुक्त प्रणाली बसवावी, म्हणजे बॅटरी उतरू लागली की सर्व्हर आपणहून शिस्तीत बंद होतो. ४० वॉट घेणारे यंत्र अखंड चालले तर वर्षाला सुमारे ३५० युनिट होतात. प्रत्येक जादा डिस्क त्यात चाळीस-पंचेचाळीस युनिटांची भर घालते, तेव्हा ‘जागा आहे म्हणून’ डिस्क वाढवू नयेत.

महालवासी

एमडी की झेडएफएस, याचे उत्तर: १६ जीबी रॅम आहे, झेडएफएस घ्या. टीबीमागे एक जीबी हा नियम घरगुती वापरासाठी गैरलागू आहे. उपलब्ध रॅम ती कॅशसाठी वापरते आणि इतर कामाला लागली की सोडते. ईसीसी रॅम असलेली केव्हाही चांगलीच, पण ती नसेल तर एमडीवरही तेवढाच धोका असतो, फक्त तेथे तो कळत नाही.

झेडएफएसचा आग्रह एका कारणासाठी. ती प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (माहिती बदलली का हे ओळखणारा आकडा) वेगळा जपून ठेवते. एमडीच्या मिररमध्ये दोन प्रती जुळल्या नाहीत तर कोणती खरी हे ठरवायला आधार नसतो. झेडएफएस चेकसम तपासून खरी प्रत ओळखते आणि दुसरी दुरुस्त करते. महिन्यातून एकदा सगळी माहिती वाचून ही पडताळणी म्हणजे स्क्रब व्हायला हवा. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांमध्ये तो महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपोआप चालतो. स्नॅपशॉटमुळे, म्हणजे त्या-त्या क्षणाच्या जपलेल्या स्थितीमुळे, चुकून पुसलेली फाइल परत मिळते, आणि बाहेरच्या डिस्कवर फक्त बदललेला भाग पाठवता येतो. पूल, म्हणजे झेडएफएसने एकत्र बांधलेल्या डिस्कचा गट, बनवताना डिस्कची नावे एसडीए, एसडीबी अशी देऊ नयेत, कारण केबल हलवली की ती बदलतात. अनुक्रमांक असलेली बाय-आयडी नावे द्यावीत.

बायॉसच्या रेडबद्दल एवढेच: इंटेलचे ते स्वरूप लिनक्सला वाचता येते हे खरे, पण काम शेवटी आपलाच प्रोसेसर करतो, मग मदरबोर्डशी बांधून घेण्यात लाभ कोणता?

हिंगणा_एमआयडीसी

आता खरेदी. दोन्ही डिस्क एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घेऊ नका. शक्य असल्यास एक रेड प्लस आणि एक आयर्नवुल्फ घ्या, म्हणजे एकाच बॅचचा दोष दोघींना एकदम भोवणार नाही. दुकानात असतानाच अनुक्रमांक निर्मात्याच्या संकेतस्थळावर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते पाहा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क वापराचे तास शून्य करून नव्या म्हणून विकल्या गेल्याचे समोर आले. सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची वेगळी नोंद असते, ती स्मार्टमॉनटूल्स या साधनाच्या ७.४ आणि पुढच्या आवृत्तीत वाचता येते आणि तिच्यातले तास स्मार्टमधल्या (डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवते त्यातल्या) तासांशी ताडून पाहता येतात.

माहिती भरण्यापूर्वी बॅडब्लॉक्स या साधनाची लिहून-वाचून होणारी पूर्ण चाचणी चालवा. ती चार वेगवेगळे नमुने लिहून प्रत्येक परत वाचते, म्हणून ८ टीबीच्या डिस्कला चार-पाच दिवस सहज लागतात. घाई करू नये. त्यानंतर स्मार्टमधील ५, १९७ आणि १९८ या खराब सेक्टरांच्या नोंदी पाहा. त्या शून्य नसतील तर डिस्क परत करा. १९९ (जोडणीतल्या चुकांची नोंद) वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी साटा केबल बदला. मात्र स्मार्ट गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नये: गुगलच्या त्याच अभ्यासात बिघडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी सगळ्यात बोलक्या चार नोंदींत कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती.

खामलेकर (धागाकर्ता)

निर्णय झाला. ८ टीबीच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या सीएमआर डिस्क, झेडएफएसचा मिरर, यंत्रणेसाठी जुना एसएसडी, आणि तिसरी ८ टीबीची डिस्क यूएसबी खोक्यात. बहीण अमरावतीला असते. दर दोन महिन्यांनी जाणे होतेच, तेव्हा ती डिस्क तिच्याकडे ठेवून अदलाबदलीसाठी पुढे आणखी एक घेईन. तोवर पत्नीच्या चालू कामाच्या फायली, ज्या २०० जीबीसुद्धा नाहीत, रोज रात्री क्लाउडवर सांकेतिक रूपात जातील. सर्व्हर जिन्याखालून हलवून आतल्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी ठेवतो.

अंबाझरी

योजना चांगली आहे. बाहेरगावी जाणारी डिस्कही सांकेतिक करून ठेवा, बसमध्ये राहिली तर फक्त पैशांचे नुकसान होईल.

डिस्क बसवण्याआधी प्रत्येकीच्या अनुक्रमांकाची शेवटची चार अक्षरे कागदाच्या पट्टीवर लिहून ती पट्टी बाहेरून दिसेल अशी तिच्या कडेला चिकटवा. डिस्क बिघडली की झेडएफएस अनुक्रमांकच दाखवते, आणि आडव्या बसवलेल्या दोन डिस्कमध्ये कंपनीचे लेबल वर झाकले गेलेले असते; चांगली डिस्क उपसून बिघडलेली जागेवर ठेवण्याचे प्रकार नेमके तेव्हा घडतात. मग खरी माहिती भरण्यापूर्वी, थोड्या निरुपयोगी फायली टाकून, यंत्र बंद करून एका डिस्कची साटा केबल काढा आणि पुन्हा सुरू करा. पूल ‘डिग्रेडेड’ दाखवेल, फायली उघडतील, आणि ईमेलवर सूचना येते की नाही तेही कळेल. केबल परत जोडली की तेवढ्या काळात बदललेला भागच पुन्हा लिहिला जातो, त्याला काही क्षण पुरतात. सूचनेचा ईमेल आला नाही तर बाकी काही करण्याआधी तो बसवा, कारण मिररमधली एक डिस्क गेल्यावर काम जसेच्या तसे चालू राहते आणि घरात कोणाच्याही ते लक्षात येत नाही.